पुढची चाकं मागं, मागची चाकं पुढं

मनू, ये, जरा इकडं सरक. एक पाय घरात, एक दाराबाहेर, अशी बसू नको. ऐकायचं असेल तर बूड टेकवून बसावं. तू पुण्यात आहेस आणि मी इथं कागदावर तुला हाका मारते आहे हे मला कळतं, पण समोर कोणी बसल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. म्हणून तू बसच. आणि आधी थोडं रागावून घेते. फोनवर मी बोलते तेव्हा तू 'हो आजी, हो आजी' करतेस आणि तिकडं बोटांनी दुसरंच काहीतरी टकटक चालू असतं, ते मला ऐकू येतं बरं का. परवा तू विचारलंस, गावाकडं काय चाललंय. मी म्हटलं, कापूस फुटला. तू म्हणालीस, अरे वा, छान. कापूस फुटला म्हणजे नुसतं छान नसतं, बाई. कापूस फुटला की आमच्या जिवाला घोर लागतो.

दसरा होऊन गेला, तरी यंदा पाऊस हलायला तयार नाही. दुपारी ऊन पडतं, झाडं चमकतात, वाटतं चला, उघडलं. संध्याकाळी पुन्हा उत्तरेकडून सातपुड्याच्या अंगानं काळं भरून येतं. मी घरात एका जागी बसत नाही. डाळ पाखडायला घेते, सूप ठेवून अंगणात येते, आभाळ पाहते, आत जाते, चहा ठेवते, आणि तो उकळून आटतो तरी मी अंगणातच. नाल्यापलीकडच्या वावरात कापूस पांढरा होऊन लोंबतो आहे आणि तिथवर जायची सोय नाही. हा हंगाम असाच अंगावर येतो. आणि आला की मला त्या वर्षाकडे घेऊन जातो, ज्या वर्षी आपली जीप अंगणातल्या बाभळीखाली खोलून पडली होती.

तुला आपली माती नीट ठाऊक नाही. लहानपणी सुट्टीत आलीस ती उन्हाळ्यातच. तेव्हा ती भेगाळून गप्प पडलेली असते. आपलं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी लागतं तेही खारट, म्हणून सगळी भिस्त आभाळावर. ही काळी माती कपाशीला फार मानवते, पण ओली झाली की माणसाला पाऊल टाकू देत नाही. चप्पल काढून हातात घ्यावी, तर पायाला मातीचीच चप्पल लागते आणि पावलागणिक जाड होत जाते. आपलं वावर नाल्यापलीकडं. नाल्यापर्यंत कसंतरी जाता येतं, पण नाला उतरून पुन्हा चढायचा म्हणजे त्या मातीची मनधरणी करत जावं लागतं.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा सगळ्या वावरात बीटी कपाशी लावली. मी शाळेत गेले नाही, अक्षरं जोडायला शिकले ती बियाण्याच्या पिशव्यांवरूनच; पण त्या पिशवीवर अळीचं, फवारणीचं सगळं लिहिलेलं होतं, कापूस फुटेल कसा ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुनं वाण सावकाश फुटायचं. दसऱ्याच्या सुमारास पहिला वेचा, दिवाळी आटोपून दुसरा, थंडी पडली की राहिलेला. घरच्या बायका आणि शेजारणी मिळून गप्पा मारत वेचून व्हायचं. बीटी तशी नाही. एका घरातली सगळी पोरं एकदम जागी होऊन एकदम रडायला लागावीत तसं सगळं वावर एकदम पांढरं झालं. आणि आपलंच नाही, ह्या गावचं, त्या गावचं, मलकापूरपासून पार नांदुऱ्यापर्यंत सगळ्यांचंच. मग वेचायला बाया आणायच्या कुठून? ज्या बायांना कालपर्यंत कोणी ओट्यावर बसा म्हणत नव्हतं, त्यांच्या दारात मोठमोठे पाटील उभे राहून 'बाई, उद्या याल ना?' विचारू लागले. मला ते पाहून मनातून बरं वाटायचं, आणि आपल्या कापसाला मात्र एकही बाई मिळत नव्हती.

नांदुऱ्याकडच्या एका खेड्यात पारबताबाई होती, बायांच्या टोळीची पुढारीण. उंच, सावळी, पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्यानं दोनदा विचार करून तोंड उघडावं. मी आणि तुझे आजोबा तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "बाया देतो, पन गाडी वावरात आली पाह्यजे. दिवसभर वाकून वेचाचं, अन् मंग डोक्यावर गठोडं घेऊन गाऱ्या-चिखलातून वापस? माया बायाचे पाय का लोखंडाचे हायेत?"

"आनतो ना गाडी," आजोबा म्हणाले.

"तुमची गाडी मले ठावूक हाय भाऊ. नाल्यापाशी येते अन् थितंच बसते."

खोटं नव्हतं ते. बैलजोडी आदल्या साली विकली होती आणि गावात ट्रॅक्टर होता तो त्याच्या मालकालाच पुरत नव्हता. आमच्याकडं होती ती ही जीप, धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली. तुझ्या जन्माच्याही आधीची. दारं नाहीत, डोक्यावर ताडपत्रीचा हूड, तो काढला की सगळी उघडी. सडकेवर मोठी झोकात पळायची. पण तिचा सगळा जोर मागच्या दोन चाकांत. चिखल लागला की मागची चाकं ताक घुसळल्यासारखी जागच्या जागी फिरायची, आणि पुढची नुसती बसून पाहायची.

तर आजोबांच्या डोक्यात आलं की पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा. चारही चाकं ओढतील अशी गाडी करायची. मलकापूरच्या कादरभाईंना बोलावणं गेलं. कादरभाईंचे वडील बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. कादरभाई बंड्यांना रबरी टायर बसवता बसवता जिपांकडं वळले. दाढीला मेंदी, खिशात नेहमी पाना. आले, गाडीखाली सरपटले, आणि खालूनच म्हणाले, "हो जाता भाबी, काहाले नाही होनार."

मी म्हटलं, "कापूस फुटून राह्यला अन् तुमी गाडी खोलून राह्यले?"

आजोबा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मंग का हातावर हात देऊन बसू?" मग हळूच म्हणाले, "हे पाय वं, यंदा कापूस वावरात भिजला तं मी वावर ठोक्यानं देतो. मलकापूरले जिनिंगवर काम भेटते. थितंच राहू."

ठोक्यानं म्हणजे दुसऱ्याला कसायला देऊन टाकायचं, वर्षाचं जे ठरेल ते घ्यायचं आणि आपल्याच धुऱ्या-बांधावरून पाहुण्यासारखं परत यायचं. पण मनू, त्या वावरातला कुंदा मी खणलेला आहे. लग्न होऊन आले तेव्हा अर्ध्या वावरात कुंद्याच्या गवताशिवाय काही नव्हतं, आणि त्याची मुळं माणूसभर खोल जातात. दर उन्हाळ्यात मी आणि माझी सासू कुदळी घेऊन जायचो. माझ्या तळहाताला जी गाठ आहे, जी तू लहानपणी दाबून पाहायचीस, ती तिथली. ते वावर सोडून मलकापुरात खोली करून राहायचं, ह्या विचारानंच माझी भूक गेली.

आणि त्या वर्षांची हवाच तशी होती. कोणाच्या घरी दिवा नेहमीपेक्षा लवकर विझला, तर आम्ही बायका काहीतरी निमित्त काढून, मीठ मागायला म्हणून, विरजण मागायला म्हणून, तिथं जाऊन यायचो. आत माणसाचा खोकला ऐकू आला की परत फिरायचो. त्यामुळं आजोबा बाभळीखाली ठोकाठोक करत होते, ती मला वेडेपणाची वाटायची, आणि तीच थांबली की मी हातातलं टाकून दारात यायची. रागही यायचा आणि आवाज हवाही असायचा. असं एकाच वेळी दोन्ही वाटतं का, विचारशील. वाटतं, बाई.

काम काय होतं ते मला कळलं तेवढं सांगते. गिअरच्या पेटीमागं आणखी एक छोटी पेटी बसवायची, तिच्यातून एक दांडा पुढं काढायचा आणि पुढच्या आसावर जो लोखंडी गोळा असतो त्याला जोडायचा. दांडा फिरला की गोळा चाकं फिरवतो. पेटी मिळाली. पण भंगारातून जो आस मिळाला त्याचा गोळा होता डावीकडं, आणि आमच्या पेटीचा दांडा निघत होता उजवीकडून. कादरभाई दाढी खाजवत बसून राहिले.

तेव्हा आजोबा म्हणाले, "उताना करा ना त्याले. डावीचा गोळा उजवीकडं येते."

ह्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडं बंडीचा आस खालून घासला की तो उलटा करून बसवतात आणि अजून काही वर्षं काढतात. बंडीच्या आसाला पोट नसतं, पाठ नसते. कसाही घाला, बैल ओढतात. कादरभाईंचा हातही बंडीतच तयार झालेला. त्यांना एकदम पटलं. "बराबर बोलले भाऊ," म्हणाले, आणि दोघांनी मिळून तो आस उताणा केला, टोकं उलटी झाली ती कापून सुलटी जोडली, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझ्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोकं पाडली. दोघांच्याही चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही त्यांनीच गाडीचा शोध लावला.

ह्या सगळ्या दिवसांत मी एकटी पायी वावरात जायची. काठी टेकत नाला ओलांडायची. ओटी बांधून जमेल तेवढं वेचायची, पण एका बाईच्या ओटीत किती येणार? मी पुढं वेचत जायची आणि मागं वळून पाहिलं की वेचलेल्या ओळीत पुन्हा पांढरं फुटलेलं. तुरीच्या झाडांवर पाखरं, दूर कुठं मालगाडीचा आवाज, आणि अंगावर ती ओल्या हवेची चिकट ऊब. कापूस हातात घेतला की आधी दाबून पाहायची, ओल आहे का. बोंड भिजून राहिलं की आतल्या सरकीला कोंब येतो. कापसातून हिरवं पातं बाहेर आलेलं पाहिलं की कसंतरीच होतं. उगवू नये तिथं उगवलेलं असतं ते. आजही झोप लागत नाही तेव्हा माझी बोटं चादरीचा कोपरा तशीच दाबून पाहतात.

गाडी जोडून झाली त्या दिवशी सकाळी पारबताबाई टोळी घेऊन आली. मी दहीभात केला. पहिल्या वेचणीला आम्ही वावरात सीतादही करतो, फुटलेल्या झाडाला हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग ओटी बांधायची. टोपलं मांडीवर घेऊन मी पुढं बसले, बाया मागं दाटीवाटीनं, हूड काढलेला, कादरभाई पायदानावर उभे. सडक संपेपर्यंत मजेत. नाल्याच्या उतारावर गाडी थबकली. बायांना खाली उतरवलं. पारबताबाई समोर जाऊन उभी राहिली, हात हलवून वाट दाखवायला.

कादरभाईंनी सांगितलं, "आता चारों लगाओ." आजोबांनी गिअरशेजारी नवा बसवलेला छोटा दांडा ओढला, पाय दाबला.

गाडी थरथरली. पुढं गेली नाही, मागं आली नाही, जागच्या जागी कण्हू लागली, आणि दोन्हीकडून चिखल उडायला लागला. मागच्या चाकांचा मागं उडाला, ते ठीकच. पण पुढच्या चाकांनी समोर उडवला. पारबताबाई कपाळापासून पायापर्यंत काळी झाली. नुसते डोळे दिसत होते.

आजोबांनी गाडी बंद केली. पारबताबाईनं पदराच्या आतल्या बाजूनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी वावरात जाऊन राह्यली का घरी?"

मग बाया जे हसत सुटल्या. एक म्हणाली, "दोनी जागी जाऊन राह्यली वं, एकटी काहाले जाईन?" कादरभाई खाली बसून चाकांकडं बघत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. आस उताणा केला म्हणून गोळ्याचं फिरणंही उलटं झालं होतं. मागची चाकं पुढं चालली होती आणि पुढची चाकं तेवढ्याच जोरानं मागं. बंडीचा आस नुसता भार घेतो, त्याला फिरायचं नसतं, ही गोष्ट त्या दोघांपैकी एकाच्याही मनात आली नव्हती.

"भाऊ, ये तो दोनों की अकल उतानी पडी," कादरभाई म्हणाले. आजोबांना हसूही येईना.

ऊन वर आलं. बाया उपाशी होत्या. पारबताबाई माझ्या टोपल्याकडं पाहून म्हणाली, "आता देवीले थांबवा लागंन. लेकरं भुकेली हायेत." 'लेकरं' म्हणजे तिच्या टोळीतल्या बाया, त्यातल्या दोघी तिच्यापेक्षा मोठ्या होत्या. मी एक घास पानात बांधून बाजूला ठेवला आणि बाकीचा दहीभात तिथंच नाल्याकाठी वाटला. चिखलानं माखलेल्या हातांनी, पानावर, सगळ्यांनी खाल्ला. कादरभाईंनीही. मग पारबताबाई उठली. "मी आता दुसरीकडं जातो. माया बायाचा दिवस मोडला. गाडी सुदरली तं सांगजा." ती गेली. मी तो पानात बांधलेला घास घेऊन एकटी वावरात गेले आणि पहिल्या झाडाशी ठेवला. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना.

परत आले तर आजोबा अजून त्याच गाडीत बसलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या घराचंबी असंच हाय." मी वावराकडं ओढत होते आणि ते मलकापूरकडं. मला तोवर वाटायचं, आमच्यापैकी कोणीतरी एक कच खातो आहे, आणि तो कोण हेही मी ठरवून ठेवलं होतं. पण त्या चाकांनी खणलेले चार खड्डे मी पाहिले. चारही सारखेच खोल होते. पुढच्या चाकांनीही कमी जोर केला नव्हता. हे माझ्या मनातून पुढं कितीतरी दिवस गेलं नाही, आणि त्या माणसावरचा माझा राग मात्र तिथंच नाल्यात राहिला.

कादरभाई खामगावला जाऊन उजव्या गोळ्याचा आस शोधून आले, एस.टी.च्या टपावर टाकून. कंडक्टरशी भांडून आले होते, पण खुशीत होते. मी त्यांना विचारलं, "ह्याले उताना नाही ना करणार?" ते म्हणाले, "तौबा भाबी, आता चपातीबी उलटी नाही करनार मी." पुन्हा बाभळीखाली ठोकाठोक, आणि पुन्हा आभाळात काळं. ह्या वेळी मी पाना धरायला, कंदील धरायला, चहा द्यायला तिथंच बसले. घरात बसवत नव्हतं. शेवटचा बोल्ट आवळून झाला तेव्हा अंगणात पहिले चार थेंब पडले आणि थांबले. आम्ही तिघंही वर पाहत राहिलो.

पारबताबाईला निरोप गेला. ती आली, पण ह्या वेळी गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. आजोबांनी छोटा दांडा ओढला. जीप एकदा हबकली, जराशी घसरली, आणि मग काय सांगू, म्हैस पाण्यातून बाहेर येते ना, घाई नाही, भीती नाही, तशी नाला चढून वर आली. बाया तेव्हा हसल्या नाहीत. मुकाट ओट्या बांधू लागल्या.

वेचणी उरकेपर्यंत आम्ही श्वास घेतला नाही. सकाळी बाया आणायच्या, दुपारी गठोडी, संध्याकाळी गठोड्यांवर बाया. उघड्या जीपवर पांढरा डोंगर आणि त्यावर लाल-हिरवी लुगडी. आणि तरी सगळं हाती लागलं नाही. नदीकडचा खालचा तुकडा राहिला होता तेव्हा पाऊस आला, आला तो दोन दिवस हलला नाही. तिथला कापूस पिवळा पडून कवडी झाला, कोणी धड हातात धरेना. पण वरचं सगळं घरात होतं. माजघरात झोपायला जागा नव्हती. कापसाच्या ढिगाला टेकून मी रात्र काढली, शिंका देत.

पाऊस उघडल्यावर आजोबा नाल्यात जीप धूत होते. मी बाजूला लुगडी आपटत होते. ठोक्याचं काय, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांनी पुढच्या चाकातला चिखल काठीनं काढता काढता, माझ्याकडं पाठ करूनच म्हटलं, "पुढच्या साली खालच्या तुकड्यात कपाशी नको. थितं तूर टाकू." एवढंच. मी लुगडं पिळत राहिले, ते कोरडं होऊन गेलं तरी पिळत राहिले.

नंतर बोंडअळी आली, वाईट वर्षं आली, बरीही आली. कादरभाई गेले. पारबताबाईची टोळी आता तिची सून चालवते, आणि तिचीही अट तीच आहे, गाडी वावरात आली पाहिजे. तुझे बाबा म्हणतात, आई, आता वावर ठोक्यानं द्या आणि दोघं पुण्याला या. चुकीचं बोलत नाही तो. त्याला आमची काळजी आहे. पण कापूस फुटलेला आहे, मनू, आणि तो मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. आजोबांचा गुडघा वाकत नाही, क्लच दाबला जात नाही. रोज सकाळी ते जीपमध्ये जाऊन बसतात, सुरू करतात, थोडा वेळ आवाज ऐकतात आणि बंद करतात. गावातल्या कोणाला चाकाला हात लावू देत नाहीत. "हिचे दांडे कोनाले नाई समजत," म्हणतात.

काल तुझी आई फोनवर सांगत होती की तू गाडी शिकलीस, परवानाही आला. मी आजोबांना सांगितलं. ते आधी अंगणात जाऊन जीपकडं पाहून आले. मग म्हणाले, "ते येते का विचार. आली तं बाजूले बसून सांगीन तिले, कोनता दांडा कवा ओढाचा."

तर ये, बाई. वावराचं काय करायचं ते तू ठरवायला नाही, ते आम्ही आणि तुझे बाबा पाहू. तू नुसती गाडी चालवायला ये. नांदुऱ्याला उतर, तिथून गावची एस.टी. मिळते. जुने कपडे आण. आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबू नको. पारबताबाईच्या सुनेला मी गाडीचं आठवडाभरात सांगते म्हणून शब्द दिला आहे, आणि उत्तरेकडून पुन्हा भरून येऊन राह्यलं.